उजव्या कडेनं झिजलेलं उलथनं

गेल्या वर्षी श्रावणात बुधवारच्या बाजारातून मी एक लोखंडी उलथनं आणलं. गोदाकाठी भाजीची रांग जिथं विरळ होत जाते, तिथं एक मावशी पोतं अंथरून जुनं लोखंड घेऊन बसल्या होत्या. किल्ली हरवलेली कुलपं, बिजागऱ्या, विळीची सुटी पाती, अडकित्ते, खलाशिवायचे बत्ते. त्या ढिगात हे पडलं होतं. लांब दांडा, टोकाला खिळ्यावर टांगायला वळवलेली कडी, पातं अगदी पातळ झालेलं. "जुनं लोखंड हाय ताई, असं आता येत नाही," मावशी म्हणाल्या. मी चाळीस रुपये दिले, मेथीच्या जुडीखाली ते सरकवलं आणि घरी आले.

घासून, तापवून, तेलाचं बोट फिरवून संध्याकाळी पिठल्याला घेतलं, तर ते हाताशी जुळेना. पात्याचा एक कोपरा कढईच्या बुडाला टेकायचा, दुसरा अधांतरी. आधी वाटलं, दांडा वाकला असेल. मग माझं रोजचं उलथनं शेजारी धरलं. माझ्या उलथन्याची डावी कड वीस वर्षांत झिजून तिरकी झाली आहे, कारण मी उजव्या हातानं खरवडते. याची उजवी कड गेली होती. चांगली बोटभर गेली होती, आणि गेलेल्या जागी लोखंड नखाच्या कडेसारखं गोल, गुळगुळीत झालं होतं. मी ते डाव्या हातात घेतलं. कढईच्या बुडाशी ते असं चपखल बसलं की मी गॅस बारीक केला आणि तशीच उभी राहिले.

ते वापरणारी बाई डावखुरी होती.

एवढं एकच मला तिच्याबद्दल कळलं, पण ते कळल्यापासून ती माझ्या ओट्यापासून हललेली नाही. आपल्या घरांमधून डावखुऱ्या मुलीचं काय होत असे, हे मी पाहिलं आहे. जेवताना डावा हात पुढे आला की मनगटावर फटका. पाटी उजव्या हातानं, हळदीकुंकू उजव्या हातानं, वाढणं उजव्या हातानं, नैवेद्य तर उजव्याच. आमच्या वर्गात एक मुलगी होती, तिचा डावा हात बाई रुमालानं बाकाला बांधून ठेवायच्या. या उलथन्याच्या मालकिणीलाही चारचौघांत उजवा हात शिकवला असणार. पंगतीत तिनं उजव्या हातानं वाढलं असेल, देवासमोर उजव्या हातानं पळी धरली असेल. पण चुलीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभी असताना, तिनं डावा हातच वापरला. लोखंड बोटभर झिजायला किती भाकरी उलथाव्या लागतात, किती पिठली खरवडावी लागतात, याचा हिशोब मला करता येत नाही. तीस वर्षं? चाळीस? तेवढी वर्षं तिनं ते सोडलं नाही.

जुन्या वस्तू आणण्याचा हा नाद मला पाच-सहा वर्षांपूर्वी लागला, आणि त्याचं कारण मला नीट माहीत आहे. आई गेल्यावर आम्ही तिची भांडी मोडीत दिली.

वडील सातपूरला कारखान्यात होते. आधी जुन्या नाशकात वाड्यात दोन खोल्या, मग सिडकोचं घर. वाड्यातून निघताना आईनं पितळ सगळं बरोबर आणलं आणि सिडकोच्या माळ्यावर चढवलं, कारण तोवर रोजच्या वापरात स्टील आलं होतं. यात तिचा दोष नाही. पितळ घासायला चिंच हवी, राख हवी, मनगटात जोर हवा. कल्हई उडाली की ताक आणि आमटी कळकते. स्टीलला यातलं काही लागत नाही. बोहारणीला चार जुने शर्ट आणि एक जरीची साडी दिली की पातेलं हातात. माझ्या आईनं अख्खा स्टीलचा संसार असा दारात बसून, घासाघीस करून जमवला. पितळ माळ्यावरच राहिलं, दिवाळीला एकदा खाली उतरायचं, लख्ख होऊन पुन्हा वर जायचं.

ती गेली, वडील दादाकडे पुण्याला गेले, घर रिकामं करायचं ठरलं. माझ्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती, दादाकडेही नव्हती. आम्ही तीन पोती भरली आणि रिक्षानं भांडी बाजारात नेली. घंगाळ, बंब, दोन हंडे, कळशी, परात, तपेल्या. दुकानदारानं काट्यावर घातलं, डाग आणि जोड यांची घट धरली, किलोचा भाव सांगितला. त्यात त्यानं वावगं काही केलं नाही, सगळीकडे हीच रीत आहे. पण वजन झाल्यावर पोऱ्यानं हातोडा घेतला आणि पोत्यात मावावीत म्हणून भांडी एकेक करून चेपायला सुरुवात केली. कळशीचा गळा एका घावात आत गेला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी त्या वेळी नोटा मोजत होते. "ती एक राहू द्या," एवढे चार शब्द मला बोलता आले असते. मी बोलले नाही.

मोडीचं पुढे काय होतं हे मी नंतर समजून घेतलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. मुशीत वितळवायचं, विटा पाडायच्या किंवा पत्रा काढायचा, आणि त्याच्या पुन्हा समया होतात, नळाच्या तोट्या होतात, दाराच्या कड्या होतात. आईचं घंगाळ आज कुणाच्या तरी बाथरूममध्ये तोटी होऊन पाणी सोडत असेल. वाईट नाही. पण ते घंगाळ होतं, हे त्या तोटीला कुठूनही कळणार नाही. म्हणून आता जुन्या बाजारात एखादं अख्खं भांडं दिसलं की मला आधी ही गोष्ट जाणवते: कुणीतरी, कधीतरी, हातोड्याच्या आधी "थांबा" म्हटलेलं आहे. कदाचित दुकानदारानं, कदाचित हमालानं, कदाचित घरच्याच एखाद्या नातीनं.

असंच एक पातेलं माझ्याकडे आहे. वाडा पाडला तेव्हा त्यातला लॉट आला, एवढंच विकणाऱ्यानं सांगितलं. "लॉट" हा त्या धंद्यातला शब्द. एका घराचं देवघर, स्वयंपाकघर, माळा, सगळं मिळून एक लॉट. पातेल्याच्या काठाखाली छिन्नीनं ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं आहेत. "चि. सौ. कां." एवढं वाचता येतं. मग बोटभर जागा गुळगुळीत. मग "हीस मामांकडून. वैशाख शके १८७९."

नाव पुसलं गेलं आहे. मी भिंग घेऊन पाहिलं, तिरकी बॅटरी धरून पाहिलं, कागद ठेवून पेन्सिल फिरवून पाहिलं. पहिलं अक्षर "म" असेल, किंवा "स". पुढे काही नाही. पातेलं घासताना पालथं धरलं की अंगठ्यासमोर, जिथं काथ्याचा जोर पडतो, नेमकी तीच जागा आहे. म्हणजे तिचं नाव तिनंच घासून घालवलं, दिवसाला दोनदा, चिंचेनं आणि राखेनं. मामा मात्र शाबूत आहेत.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शके १८७९ चा वैशाख म्हणजे १९५७ चा उन्हाळा. त्याच वर्षी १ एप्रिलला आपल्याकडे दशमान नाणी आली, रुपयाचे सोळा आणे होते त्याचे शंभर नवे पैसे झाले. दोन्ही नाणी हातात हात घालून चालत होती. मामांनी हे पातेलं घेतलं तेव्हा दुकानदारानं भाव आण्यांत सांगितला असेल आणि मामांनी नव्या पैशांत मोजून पुन्हा मोजला असेल. भाचीच्या लग्नात मामाचा मान मोठा. त्यानं तिला मंडपात आणायचं, अंतरपाटाआड तिच्या पाठीशी उभं राहायचं. तेव्हा पातेलं हलकं घेऊन चालणार नव्हतं, आणि हे हलकं नाही. रिकामं उचलतानाही दोन्ही हात लागतात. ती तेव्हा अठराची असेल तर आज ऐंशीच्या बरीच पुढे असेल. याच शहरात असेल. मी गंगापूर रोडला भाजी घेताना तिच्या शेजारी उभी राहिले असेन.

भांड्यांवर नाव घालायची आपली पद्धत मी हल्ली लक्ष देऊन बघते. पूर्वी दुकानाबाहेर एक माणूस छोटी छिन्नी आणि हातोडी घेऊन बसलेला असायचा. आता विजेचं यंत्र आलंय, टर्र आवाज करत स्टीलवर चालतं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहून देतं, तो बघून घालतो, चिठ्ठीतली चूकही तशीच उतरते. जवळजवळ सगळ्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव ठळक असतं, आणि घरच्या भांड्यावर घरच्या पुरुषाचं. ज्या बाईनं ते आयुष्यभर हाताळलं तिचं नाव असलंच तर "हीस" या शब्दाच्या आधी, घ्यायच्या बाजूला. लग्नातल्या भांड्यावर तर ते माहेरचं नाव, जे चार दिवसांत बदलणार असायचं. त्यामुळे मला अक्षरांपेक्षा झिजेवर जास्त विश्वास वाटायला लागला आहे. नाव कुणीही पैसे देऊन घालून घेतं. झीज विकत मिळत नाही.

घरात आणखी दोन-तीन गोष्टी आहेत. एक पितळी मापटं आहे. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, हे आजी आम्हाला पाढ्यासारखं म्हणून दाखवायची. मेट्रिक मापं आली आणि दुकानातून मापट्याचा कायदा संपला, घरातून संपला नाही. माझ्या मापट्याच्या बुडाशी तपासणीचे बारीक शिक्के एकाशेजारी एक ठोकलेले आहेत, म्हणजे ते आधी दुकानात होतं. मी त्यानं तांदूळ मोजते. एक सागवानी फडताळ आहे, त्याच्या खालच्या कप्प्याच्या वर वीतभर एक तपकिरी रेघ आहे आणि सांध्यांमध्ये मऊ, पिठासारखी माती. आणताना सुताराला विचारलं तर तो म्हणाला, "पुराचं आहे, बाई." सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल या भागात २००८ ला पाणी शिरलं, २०१६ ला शिरलं. १९६९ च्या महापुराच्या गोष्टी ऐकत तर आमची पिढी मोठी झाली. कुठल्या पुराची रेघ, ते फडताळ सांगत नाही. मी ती पॉलिश करू दिली नाही.

दुसऱ्याचं वापरलेलं घरात आणू नये, कुणाची काय दशा बरोबर येईल सांगता येत नाही, असं शेजारच्या काकू मला कळकळीनं सांगतात. माझी आजी याच्या उलट म्हणायची. कासं राखेनं शुद्ध होतं, तांबं आंबटानं, एकदा घासलं की भांडं आपलं. आणि मला वाटतं, नाशकात राहणाऱ्याला दुसऱ्याच्या वस्तूची भीती वाटायचं कारण नाही. या गावातली सगळ्यात प्रसिद्ध घंटा दुसऱ्याचीच आहे. सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ मध्ये गोदेच्या काठी रामेश्वराचं देऊळ बांधलं. तिथली ती प्रचंड घंटा पोर्तुगीजांची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची खूण. वसईच्या मोहिमेनंतर अशा घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ साल आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावरच्या घंटेवर १७०७, आणि तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी अजून दिसते.

लहानपणी वडिलांनी मला खांद्यावर घेऊन नारोशंकराची घंटा दाखवली होती, आणि पेशव्यांचा पराक्रम सांगितला होता. तो मला आजही अभिमानाचाच वाटतो. पण हल्ली रामकुंडावर गेले की मान वर करून बघताना मला दुसरंही सुचतं. ही वाजली की वसईच्या बाजूला कुणीतरी हातातलं काम टाकून उठत असेल. कुणाच्या लग्नात वाजली असेल, कुणाच्या मयताला. ज्या दिवशी ती उतरवली, त्या दिवशी ज्यांना तिची सवय होती त्यांना संध्याकाळ झाल्याचं कशावरून कळलं असेल?

काकूंच्या बोलण्याला मात्र एकदा माझ्याकडे उत्तर नव्हतं. शालिमारजवळ एका दुकानात पितळी स्टोव्ह होता, चकाकवलेला. आता लोक असे स्टोव्ह हॉलमध्ये शोभेला ठेवतात. मी उचलून पाहिला. हवा भरायचा दट्ट्या चांगला होता, पिनसुद्धा दोऱ्यानं बांधलेली होती. आमच्या घरी असाच होता, त्याच्या भर्र आवाजात मी पाढे पाठ केले. मी पैसे काढणार, तेवढ्यात मला वर्तमानपत्रातली ती ओळ आठवली, जी आमच्या लहानपणी इतक्यांदा यायची की वाचताना डोळा पुढे सरकायचा. स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. दर वेळी स्टोव्हच, आणि दर वेळी सूनच. १९८३ मध्ये दंड विधानात ४९८ अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४ ब आलं, तेव्हा कुठे त्या ओळीमागे काय असतं हे कायद्यानं कबूल केलं. हातातल्या स्टोव्हनं बहुतेक आयुष्यभर नुसता चहा केला असेल. तरी मी तो खाली ठेवला. मला त्याचं पूर्वायुष्य माहीत नव्हतं, आणि या एका वस्तूच्या बाबतीत ते माहीत नसणं मला घरात सोसलं नसतं.

गेल्या महिन्यात मामांचं पातेलं कल्हईला नेलं. जुन्या नाशकात अजून हे काम करून देणारे आहेत. भट्टीवर पातेलं तापलं, त्यांनी नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उठला, मग कथलाची कांडी आत टेकवली. कथील २३२ अंशांवर वितळतं, म्हणजे पितळाला फारशी झळ लागायच्या आत ते पाणी होतं. कापसाच्या बोळ्यानं त्यांनी ते गरागरा फिरवलं आणि बघता बघता पातेल्याच्या आत चंद्र उगवला. पाण्यात बुडवताना चर्र झालं. पुसताना त्यांचं लक्ष अक्षरांकडे गेलं. "ताई, हे अर्धवट नाव घासून साफ करतो. शेजारीच नाव घालणारा आहे, तुमचं घालून घ्या."

मी नको म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही, पातेलं वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं.

घरी येऊन ओट्यावर ते ठेवलं, आणि शेजारी खिळ्याला टांगलेलं ते उलथनं दिसलं. तेव्हा एक गोष्ट एकदम अंगावर आली. या अनोळखी बाईचा हात मला माहीत आहे. माझ्या आईचं उलथनं कुठल्या कडेनं झिजलं होतं, ते मला आठवत नाही. रोज बघत होते. अठरा-वीस वर्षं तिच्या हातचं त्याच उलथन्यानं केलेलं खाल्लं. ते लोखंडी होतं की पितळी, हेही खात्रीनं सांगता येईना. तीन पोत्यांत ते होतं की आधीच कुठे गेलं होतं, तेही नाही.

रात्री दादाला फोन केला. त्याला वाटलं काही झालं.

"आईचं उलथनं आठवतं का रे तुला?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कसं होतं ते नाही आठवत. आवाज आठवतो."

"कसला आवाज?"

"अगं, बाबांची पहिली पाळी असली की पहाटे. आपण अंथरुणात असायचो. ती डब्याची भाजी परतायची. दोनदा खरवडायची आणि मग कढईच्या काठावर एकदा आपटायची, उलथन्याला लागलेलं पडावं म्हणून. खर्र, खर्र, टक. मी त्यावरून ओळखायचो की आता उठवायला येईल."

मी फोन स्पीकरवर टाकला. रिकामी कढई गॅसवर ठेवली, उलथनं खिळ्यावरून काढलं आणि डाव्या हातात घेतलं, कारण ते दुसऱ्या हातात बसतच नाही. दोनदा खरवडलं. काठावर एकदा आपटलं.

"असं?"

"नाही," दादा पलीकडून म्हणाला. "एवढ्या जोरात नाही. आपल्याला जाग येऊ नये म्हणून ती हळू आपटायची."

मी पुन्हा खरवडलं.

"अजून हळू," तो म्हणाला.